हिस्टॉलॉजी आणि एम्ब्रियॉलॉजी : पहिल्या वर्षाच्या पोरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिरवळला १९८८ साली पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, तेव्हापासून सातारा-सांगलीकडच्या पोरांना हे शिक्षण जवळ आलं. सुट्टीत विटा, जत, आटपाडीकडची मुलं माझ्या दवाखान्यात येऊन बसतात. त्यांना गाय बघायची असते आणि मला चहाला सोबत हवी असते. पण अर्ध्या तासात विषय गायीवरून सूक्ष्मदर्शकाखालच्या स्लाइडवर घसरतो, आणि दरवर्षी तेच प्रश्न येतात. म्हणून एकदाची उत्तरं लिहून काढली.

हिस्टॉलॉजी म्हणजे ऊतिशास्त्र, हे पाठ आहे. पण ऊती म्हणजे काय?

विणकाम. संस्कृतात ऊति म्हणजे विणणं आणि ग्रीकमध्ये हिस्टॉस म्हणजे माग किंवा त्यावरचं कापड. विट्यात यंत्रमागाच्या खडखडाटात वाढलेल्या पोराला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. सूत तेच, वीण बदलली की कापड बदलतं. शरीरातही मूळ विणी चारच आहेत : आवरणाची (एपिथेलियम), जोडणारी, स्नायूंची आणि चेतांची. आतडं घ्या, मूत्राशय घ्या, कातडी घ्या, या चारांचंच कमी-जास्त प्रमाण आणि वेगळी मांडणी असते.

झावियर बिशा नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं १८०१ च्या सुमारास ऊतींचे २१ प्रकार मोजले होते, तेही सूक्ष्मदर्शकाला हात न लावता. अवयव शिजवून, सुकवून, भिजत घालून तो फरक बघायचा. सूक्ष्मदर्शकावर त्याचा भरवसाच नव्हता. त्या काळची भिंगं बघता त्याचं फार चुकलं असं म्हणवत नाही.

स्लाइडमध्ये सगळं गुलाबी-जांभळंच दिसतं. सुरुवात कुठून करायची?

आधी सूक्ष्मदर्शकाशिवाय. स्लाइड खिडकीच्या उजेडाला धरा. मधे भोक दिसतंय का? मग नळीसारखा अवयव आहे : अन्ननलिका, आतडं, श्वासनलिका, गर्भाशयाचं शिंग. भरीव आहे? मग यकृत, प्लीहा, मूत्रपिंड, ग्रंथी. निम्मं काम इथंच होतं. पण पहिल्या वर्षाची पोरं थेट ४०ची लेन्स खाली आणतात आणि कच्चकन आवाज येतो. आमच्या वेळी मीही एक स्लाइड अशीच फोडली होती आणि तुकडे ॲप्रनच्या खिशात घालून दिवसभर फिरत होतो.

४ किंवा १०च्या लेन्सवर पोकळीपासून बाहेरच्या बाजूला चालत जा. पोकळीला लागून कुठलं एपिथेलियम आहे? एकपदरी की बहुपदरी? त्याखाली ग्रंथी आहेत का, आणि असल्या तर कुठल्या थरात? स्नायू किती थर, रेषा असलेला की नसलेला? सगळ्यात बाहेर काय? ही वाट एकदा अंगवळणी पडली की ४०ची लेन्स फक्त खात्री करायला लागते.

दुसरी अडचण अशी की स्लाइड म्हणजे काप आहे, हे पोरं विसरतात. घरी आईकडून एक भेंडी मागून घ्या. आडवी कापली तर पाच कप्प्यांची चांदणी दिसेल, उभी कापली तर बियांच्या रांगा आणि तिरकी कापली तर धड चांदणी नाही, धड रांग नाही. आता मूत्रपिंडाची स्लाइड बघा. कुठं गोल, कुठं लांबट, कुठं गांडुळासारखी वळलेली नळी दिसते. ते वेगवेगळे अवयव नव्हेत, त्याच नागमोडी नलिका वेगवेगळ्या कोनात सुरीखाली आल्या आहेत.

रंग हेच दोन का? आणि चरबीच्या जागी रिकामी भोकं का दिसतात?

जांभळा-निळा रंग हिमॅटॉक्सिलिनचा. तो मेक्सिकोतल्या कांपेचे भागातल्या एका झाडाच्या गाभ्याच्या लाकडातून निघतो. नुसता अर्क काही कामाचा नाही. त्याचं आधी ऑक्सिडीकरण व्हावं लागतं आणि मग तुरटीतल्या ॲल्युमिनियमचा आधार घेऊन तो केंद्रकातल्या डीएनएला चिकटतो. जुने रंगारी कापडाला पक्का रंग बसावा म्हणून तुरटी लावायचे, तीच युक्ती. गुलाबी रंग इओसिनचा. तो आम्लधर्मी, म्हणून पेशीद्रव, स्नायू आणि कोलॅजन धरतो.

हिमॅटॉक्सिलिननंतर स्लाइड वाहत्या नळाखाली धरतात, कारण पाण्यातल्या क्षारांनी लालसर जांभळा रंग निळा होतो. आमच्या दुष्काळी पट्ट्यातलं बोअरचं पाणी चहा नासवतं, पण या कामाला झकास.

चरबीचं म्हणाल तर ती आपणच धुऊन काढलेली असते. पातळ काप घेता यावा म्हणून तुकडा मेणात बसवतात, पण त्याआधी तो अल्कोहोल आणि झायलीन या द्रावकांमधून जातो आणि दोन्ही चरबी विरघळवतात. उरते ती पेशीची कड आणि एका बाजूला ढकललेलं केंद्रक, खड्याच्या अंगठीसारखं. चरबी बघायचीच असेल तर तुकडा गोठवून कापायचा आणि सुदानसारखा रंग लावायचा.

रवंथ करणाऱ्या जनावरांची चार पोटं ओळखताना घोळ होतो. काही सोपी खूण?

खूण स्वयंपाकघरात आहे. आपल्याकडे मटणाबरोबर वजडी खातात. ती साफ होताना कधी बघितली आहे का? गरम पाण्यात बुडवून खरवडली की वरची काळपट साल निघते आणि खाली पांढरं उरतं. ती साल म्हणजेच कोठीपोटाचं, म्हणजे पहिल्या पोटाचं, केराटिनवालं बहुपदरी चपटं एपिथेलियम. खाली उरतं ती जोडणारी ऊती आणि स्नायू. साल निघण्याआधी हात फिरवला तर टॉवेलसारखं खरखरीत लागतं. ते पॅपिली. मधमाशीच्या पोळ्यासारखा चौकटीचौकटींचा तुकडा म्हणजे जाळीपोट आणि वहीच्या पानांसारखा म्हणजे पडदेपोट. या तिन्हीत ग्रंथी नाहीत. चौथं ते खरं पोट. त्याचा आतला भाग गुळगुळीत, बुळबुळीत, घड्या पडलेला असतो, आणि स्लाइडवर ग्रंथी दिसल्या की तेच.

पहिली तिन्ही एकमेकांसारखी दिसतात, तेव्हा मस्क्युलॅरिस म्युकोझी, म्हणजे अस्तरातला स्नायूंचा बारीक पदर, शोधायची. कोठीपोटाच्या पॅपिलीत ती नसतेच, तिथं फक्त घट्ट तंतूंचा गाभा असतो. जाळीपोटात ती फक्त उंच घड्यांच्या शेंड्याकडे एका पुंजक्यासारखी दिसते. पडदेपोटाच्या पानात स्नायूंचे तीन पदर सापडतात : दोन कडांचे मस्क्युलॅरिस म्युकोझीचे आणि मधला बाहेरच्या भिंतीतून आत शिरलेला. व्हायवाला (तोंडी परीक्षेला) हे एवढं सांगितलं की परीक्षक पुढच्या मुलाकडे वळतात.

गोठ्यात याचा उपयोग काय, असं एकानं विचारलं होतं. नुकत्याच जन्मलेल्या वासराचं कोठीपोट खऱ्या पोटापेक्षा लहान असतं आणि पॅपिली नावापुरत्या. त्या वाढतात आंबोणाच्या आंबण्यातून तयार होणाऱ्या आम्लांमुळे, मुख्यतः ब्युटिरिक. म्हणून वासराला लवकर थोडं थोडं काफ स्टार्टर (वासरांचं आंबोण) चाखवा म्हणतात. नुसत्या दुधावर ठेवलेल्या वासराचं कोठीपोट तीन महिन्यांनीही आतून बऱ्यापैकी गुळगुळीत असतं.

स्पॉटिंगला (स्लाइड बघून ओळखायच्या परीक्षेला) हमखास कुठल्या गोष्टी विचारतात?

जातीजातीतले फरक. डुकराच्या यकृतात प्रत्येक खंडिका जोडऊतीच्या कुंपणानं वेगळी दिसते, गायीत ते कुंपण जवळजवळ नसतं. डुकराची लसिकाग्रंथी उलटी : गाठी आत, मोकळा भाग बाहेर. अन्ननलिकेचा स्नायू गाय, म्हैस, मेंढी आणि कुत्र्यात शेवटपर्यंत रेषांचा, तर घोडा आणि मांजरात खालच्या भागात साधा होतो. थायमसमध्ये हॅसलचे कण, प्लीहेत पांढरा आणि लाल गर, लसिकाग्रंथीत आवरणाखालची पोकळी. तिन्ही जांभळे गोळे दिसतात, पण या खुणा चुकत नाहीत. ड्युओडेनमच्या (लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाच्या) सबम्युकोझात, म्हणजे अस्तराखालच्या थरात, ग्रंथी असतात हे खरं, पण गायीत त्या पुढच्या भागात, जेजुनममध्येही लांबवर जातात, म्हणून तेवढ्यावर उडी मारू नका.

रक्ताची स्लाइड आली आणि तांबड्या पेशीत केंद्रक दिसलं तर पक्षी. अंडाकृती आहे पण केंद्रक नाही, तर उंट. शेळीच्या तांबड्या पेशी आपल्या पाळीव जनावरांत सगळ्यात लहान, साधारण ४ मायक्रॉन, आणि कुत्र्याच्या मोठ्या, ७च्या आसपास.

मेलेल्या जनावराचा तुकडा तपासणीला पाठवायचा असेल तर?

इथं मी स्वतः खाल्लेली माती सांगतो. प्रॅक्टिसची पहिली-दुसरी वर्षं, मे महिना, एका वस्तीवर म्हैस मेली. पोहोचेपर्यंत पाच-सहा तास झालेले. मी यकृताचा मुठीएवढा तुकडा आणि आतड्याचा एक वेढा काढला आणि जवळ होती ती औषधाची निमुळत्या तोंडाची बाटली, तिच्यात कोंबला. वरून जेमतेम बुडेल एवढं फॉर्मलिन. अहवाल आला : ऊती सडल्या आहेत, निष्कर्ष काढता येत नाही. शिवाय फॉर्मलिननं तुकडा कडक होतो. मऊ असताना आत गेलेला तुकडा तिथल्या माणसानं बाहेर कसा काढला असेल, बाटली फोडूनच काढला असेल, याचा विचार करून आजही ओशाळायला होतं.

तर, बाटली रुंद तोंडाची. तुकडा ४-५ मिलिमीटर जाडीचा, कारण फॉर्मलिन आत फार सावकाश शिरतं. द्रव तुकड्याच्या दहा ते वीस पट. बाजारातलं फॉर्मलिन म्हणजे साधारण ३७ ते ४० टक्के फॉर्माल्डिहाइड असतं. त्याचा एक भाग आणि पाण्याचे नऊ भाग घेतले की १० टक्के फॉर्मलिन होतं. बफर (आम्लता आवरणारे क्षार) घातलेलं असेल तर उत्तम, नाहीतर रक्ताळ भागात काळपट कण दिसतात आणि ते रोगाचे समजून तुम्ही घोळात पडता. तुकडा निरोगी आणि रोगट भागाच्या सीमेवरचा घ्या. फ्रीजरमध्ये ठेवू नका, बर्फाचे खडे पेशी फाडतात. बाटलीत टाकायची चिठ्ठी पेन्सिलीनं लिहा, शाई पुढं अल्कोहोलमध्ये उतरते. आतडं आणि स्वादुपिंड सगळ्यात आधी सडतं, तेव्हा पोट उघडल्याबरोबर हात तिकडे.

आणि एक गोष्ट या सगळ्याच्या आधी : जनावर अचानक मेलं आहे, नाकातोंडातून न गोठणारं काळसर रक्त येतंय, तर काळपुळीच्या (ॲन्थ्रॅक्सच्या) शंकेनं थांबायचं. ते जनावर उघडायचंच नाही.

मेणाचा ठोकळा कापताना रिबन (कापांची सलग पट्टी) तुटते, झायलीन दुधाळ होतं. का?

दुधाळ झायलीन म्हणजे तुकड्यात पाणी राहिलंय. पावसाळ्यात उघड्या बरणीतलं शुद्ध अल्कोहोल हवेतलं पाणी ओढतं, ते बदला. उन्हाळ्यात मेण मऊ पडतं, म्हणून ठोकळा बर्फावर ठेवून मग कापा. काप ४ ते ६ मायक्रॉनचा. त्यावर रेघोट्या आल्या तर पातं खराब आहे, नशीब नव्हे.

एम्ब्रियॉलॉजीला (गर्भाच्या वाढीच्या अभ्यासाला) कोंबडीचं अंडंच का घेतात?

कारण आत डोकावता येतं. गायीचा गर्भ बघायचा तर गाय हवी. अंडं उबवायला ठेवून रोज एक फोडलं की झालं. ॲरिस्टॉटलनं हेच केलं होतं. तिसऱ्या दिवशी त्याला रक्ताचा एक लाल ठिपका उडताना दिसला, तेच हृदय. ते धडधडायला लागतं त्याहून आधी, दुसऱ्या दिवसातच, पण नुसत्या डोळ्यांना दिसायला थोडं मोठं व्हावं लागतं.

घरी करण्यासारखं : गावरान कोंबडीचं अंडं अलगद बशीत फोडा. बलकावर एक पांढरट टिपका दिसेल, तीन-चार मिलिमीटरचा. फळलेलं अंडं असेल तर टिपक्याला कड आणि मधे निवळ भाग, बांगडीसारखा. दुकानातल्या अंड्यात तो टिपका लहान आणि भरीव, कारण लेअर फार्मवर कोंबडाच नसतो. अंडं कोंबडीच्या पोटात साधारण २४ ते २५ तास असतं आणि त्या वेळेत गर्भाच्या पेशी हजारोंनी झालेल्या असतात. बाहेर आल्यावर थंड झालं की वाढ थांबते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ती नीट थांबतही नाही आणि नीट चालतही नाही. म्हणून खुडूक कोंबडीखाली ठेवायची अंडी एप्रिल-मेमध्ये आठवडाभर पत्र्याच्या खोलीत साठवली की निम्मी वाया जातात, आणि आजी म्हणते कोंबडी अवलक्षणी.

स्लाइडवर तास ओळखायचे तर सोमाइट मोजा, पाठीच्या रेषेच्या दोन्ही बाजूंना मण्यांसारख्या जोड्या. साधारण दीड तासाला एक जोडी पडते. १८ तासांना फक्त प्राथमिक रेघ. २४ला चारेक जोड्या आणि डोक्याची घडी. ३३ला बारा-तेरा जोड्या, मेंदूचे फुगे आणि उजवीकडे फुगलेली हृदयाची नळी. ४८ला डोकं वाकून कुशीवर वळलेलं असतं. ७२ला पाय आणि पंखांचे कोंब.

गर्भाच्या तीन थरांपासून काय काय होतं ते लक्षात राहत नाही.

नुसती यादी कुणाच्याच लक्षात राहत नाही. जिथं नियम मोडल्यासारखा वाटतो तेवढं धरा. बाहेरच्या थरापासून कातडी, हे कुणीही सांगेल. पण मेंदूही त्याच थरापासून होतो, कारण तो थर पाठीवर घडी पडून आत जातो. ॲड्रिनल ग्रंथीची साल मधल्या थराची आणि गाभा न्यूरल क्रेस्टचा (त्या पाठीवरच्या घडीच्या कडेच्या पेशींचा), म्हणजे एकाच टरफलात दोन घरची माणसं. पिट्युटरीचा पुढचा भाग तोंडाच्या छतापासून आणि मागचा मेंदूपासून. मूत्राशयाचं अस्तर आतल्या थराचं, मूत्रपिंड मधल्या. परीक्षेत प्रश्न याच जागांवर येतात.

गाभण काळ?

गाय नऊ महिने नऊ दिवस, म्हैस दहा महिने दहा दिवस, हे शेतकऱ्याला तुमच्याआधी माहीत असतं. मेंढी-शेळी पाच महिने, घोडी अकरा, डुकरीण तीन महिने तीन आठवडे तीन दिवस, कुत्री ६३ दिवस. गायीच्या गर्भाची लांबी ढोबळमानानं काढायची तर महिना गुणिले (महिना अधिक दोन), सेंटिमीटरमध्ये. तिसऱ्या महिन्याला ३ × ५ म्हणजे १५.

प्लासेंटाचे (वारेचे, जाराचे) प्रकार इतके का पढवतात?

कारण त्यावर वासराचा जीव अवलंबून असतो. गायी-म्हशीत आईचं रक्त आणि गर्भाचं रक्त यांच्यामध्ये इतके थर असतात की आईची प्रतिपिंडं पलीकडे जातच नाहीत. माणसाचं मूल आईकडून काही संरक्षण घेऊनच जन्मतं. वासरू कोरं जन्मतं. त्याला ते मिळतं चिकातून, आणि आतडं ती मोठी प्रथिनं जशीच्या तशी आत घेतं ते पहिले काही तासच. चोवीस तासांत दार बंद. आपल्याकडे अजून अनेक गोठ्यांत जार पडल्याशिवाय चीक पाजत नाहीत आणि तोवर पहिल्या पिळीचा खरवस शेजारीपाजारी पोहोचलेला असतो. खरवस मलाही आवडतो, पण वजनाच्या दहाव्या हिश्शाएवढा चीक आधी वासराच्या पोटात, मग ताटात.

जार अडकतो तोही याच रचनेमुळे. गायीच्या गर्भाशयात ७५ ते १२० गुंड्या असतात. प्रत्येकीवर गर्भाकडची टोपी बसलेली असते आणि टोपीची बोटं गुंडीच्या खळग्यांत शिरलेली असतात. बारा तासांत त्या सुटल्या नाहीत तर लोक वीट बांधतात, नाहीतर हात घालून ओढतात. बोटं तुटून आत राहतात आणि गुंडी सोलवटते. स्लाइडवर ती वीण एकदा नीट बघितली असेल तर ओढायला हात धजावणार नाही. मेंढी-शेळीत गुंडी वाटीसारखी खोलगट असते, हा फरक स्पॉटिंगला येतो. कुत्रीत पट्ट्यासारखी वार असते आणि तिच्या कडेला साठलेल्या रक्तामुळे विताना हिरवा स्राव येतो. पिल्लू यायला लागल्यावर तो दिसला तर घाबरण्याचं कारण नाही.

खोंड आणि कालवड जुळी झाली तर कालवड वांझ निघते, हे खरं का?

बहुतेक वेळा खरं, शंभरात नव्वदहून अधिक. दोघांच्या वारेतल्या रक्तवाहिन्या जुळून जातात आणि खोंडाकडची संप्रेरकं आणि पेशी कालवडीत जातात. तिचं गर्भाशय नीट घडतच नाही. याचा उलगडा फ्रँक लिली या शास्त्रज्ञानं १९१६ साली केला. लहानपणीच तपासता येतं : साध्या कालवडीत योनिमार्ग १२ ते १५ सेंटिमीटर खोल, अशा कालवडीत ५ ते ८. गुळगुळीत, निर्जंतुक नळी हळूच सारून बघायची. दोन वर्षं वैरण घालून मग रडण्यापेक्षा बरं. मेंढ्यांत जुळी नेहमीची, तरी हा प्रकार क्वचित, कारण तिथं वाहिन्या सहसा जुळत नाहीत.

पाच पायांची गाय, दोन तोंडांचं वासरू हे कशानं होतं?

यात्रेत झूल घालून फिरवतात ती गाय बघितली असेल. पाय जन्मजात असेल तर तो बहुधा अर्धवट राहिलेल्या जुळ्याचा अवशेष किंवा दुणावलेला कोंब असतो. दोन तोंडांचं वासरू जन्मलं की हळद-कुंकू वाहायला गर्दी होते. वासरू सहसा फार जगत नाही. लोकांशी वाद घालू नका, गायीकडे बघा, तिला फाटलं आहे का ते तपासा.

तुम्हाला जास्त भेटेल तो दुसरा प्रकार. गाय अडली आहे, हात घातला तर बोटांना आतडी लागतात. पहिला विचार येतो गर्भाशय फाटलं. थांबा. गर्भाचं पोट मिटलेलंच नसेल आणि पाठ उलटी मोडलेली असेल, तर ती आतडी वासराची असतात. नाव शिस्टोसोमस रिफ्लेक्सस. आतडी कुठून येतात ते हातानं मागे मागे चाचपत गेलं की कळतं.

आणि दोन दिवसांचं वासरू, पोट टम्म, शेण नाही : शेपटी उचला. गुदद्वाराचा पडदाच फुटलेला नसतो कधी कधी. गर्भात तो पडदा फुटणं हा नेहमीचा टप्पा, तो राहून गेला. कातडी फुगून वर आली असेल तर छोट्या शस्त्रक्रियेनं मार्ग मोकळा होतो.

जर्नलमधल्या आकृत्यांना कुठली पेन्सिल?

गुलाबी आणि जांभळी, दोनच. केंद्रक जांभळ्या टिंबानं, बाकी गुलाबी, हलक्या हातानं. पुस्तकातली आकृती उतरवू नका. तुमच्या स्लाइडवर घडी पडली असेल तर घडी काढा आणि शेजारी घडी असं लिहा.